जनरल वैद्यांच्या वाटेनं: पुणे, नगर, असल उत्तर

१० ऑगस्ट, पुणे

भवानी पेठेतलं वैद्य स्टेडियम पुणेकरांना ठाऊक असतं. मुंबईत गोरेगाव पूर्वेला जनरल ए. के. वैद्य मार्ग आहे, तोही रिक्षावाल्यांना तोंडपाठ. पण हे वैद्य कोण असं विचारलं की चाळिशीच्या आतली मंडळी मोबाइल काढतात आणि साठीच्या पुढची एकच वाक्य सांगतात, "ते नाही का, कॅम्पात गोळ्या घातल्या त्यांना." अलिबागला जन्मलेला मराठी माणूस लष्करप्रमुख होतो आणि त्याच्या साठ वर्षांच्या आयुष्यातली शेवटची काही मिनिटंच तेवढी लोकांच्या लक्षात राहतात, हे मला बरीच वर्षं खटकत होतं. महावीरचक्र दोनदा मिळवणारे आपल्याकडे मोजून सहा जण. अरुणकुमार श्रीधर वैद्य त्यांतले एक. ती दोन चक्रं कशाबद्दल मिळाली, हे या वेळी जागेवर जाऊन बघायचं ठरवलं होतं. निदान पहिल्या चक्राची जागा तरी, म्हणजे १९६५ च्या युद्धातलं पंजाबचं असल उत्तर हे गाव.

सुरुवात मात्र कॅम्पातूनच केली. आज स्मृतिदिन. १० ऑगस्ट १९८६, रविवार. निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. बाजारहाट करून वैद्य स्वतः मारुती चालवत घरी निघाले होते, शेजारी पत्नी भानुमती. राजेंद्रसिंहजी रस्त्यावर मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. भानुमतीही जखमी झाल्या. जून १९८४ मध्ये लष्कर अमृतसरच्या सुवर्णमंदिरात शिरलं, त्या ऑपरेशन ब्लू स्टारच्या वेळी ते लष्करप्रमुख होते, त्याचा हा सूड. मारेकरी सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी झाली.

रस्त्यावर बघण्यासारखं फारसं काही नाही. मोठी झाडं, कॅन्टोन्मेंटच्या भिंती, भिजलेले स्कूटरवाले. रस्ता ज्यांच्या नावाचा, ते जनरल राजेंद्रसिंहजीही घोडदळाचेच, म्हणजे रणगाड्यांच्या जमातीतले. १९५५ मध्ये सरसेनापती हे पद जाऊन लष्करप्रमुख हे पद आलं, त्याचे पहिले मानकरी. घोडदळातल्या एका प्रमुखाच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्या प्रमुखाचा जीव गेला. पाटी वाचणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

दुपारी घोरपडीच्या युद्धस्मारकात गेलो. हे स्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलेलं, १९९८ मध्ये खुलं झालेलं. शाळेची सहल आली होती. पोरांना विमानात रस, बाईंना पोरं मोजण्यात. बरं वाटलं. संध्याकाळी मामांना फोन केला, "उद्या येतोय."

११ ऑगस्ट, नगर

पुणे-नगर रस्त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. वाघोली ज्यांनी पार केली आहे त्यांना माहीत आहे, ज्यांनी केली नाही त्यांनी सुखात राहावं.

मामा रणगाड्यांवर ड्रायव्हर होते, दफेदार म्हणून निवृत्त झाले. नगरलाच प्रशिक्षण झालं आणि पुढं घरही नगरलाच बांधलं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण मामांच्या तोंडी 'नगर'च, आणि एसटीच्या कंडक्टरच्याही. बाहेर पडण्याआधीच त्यांनी स्पष्ट करून टाकलं, "हे बघ, जनरल साहेबांना मी कधी जवळून पाहिलेलं नाही. कुणाला काही भलतंच सांगू नकोस."

नगरचं रणगाडा संग्रहालय आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ मध्ये उभारलं. झाडांखाली पन्नासेक रणगाडे ओळीनं उभे आहेत. रोल्स रॉइसच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे, पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली. इंग्रजांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत. जपानी रणगाडे इतके छोटे की पोरांना ते खेळणीच वाटतात. लोक पटापट सेल्फी काढत पुढं सरकतात. मामा मात्र प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन इंजिनाचं झाकण बघत होते. ड्रायव्हरची जात, दुसरं काय.

आमचं काम दोन गाड्यांशी होतं: शर्मन आणि पॅटन. दोन्ही मी आधी पाहिलेल्या होत्या, पण लागोपाठ, एका डोक्यानं पाहिल्या नव्हत्या. शर्मन उंच आणि उभट, बाजूच्या भिंती जवळजवळ सरळ. दुसऱ्या महायुद्धातली गाडी. वैद्य १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल होते, डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर (सीओ), आणि त्यांच्या हाती या शर्मनच होत्या, ७६ मिलिमीटरची तोफ असलेल्या. समोरून येणारी पॅटन अमेरिकेनं पाकिस्तानला दिलेली, ९० मिलिमीटर तोफेची, कासवाच्या पाठीसारख्या गोल बुरुजाची. त्या गोलाईवर मामांनी हात फिरवला.

"इथं लागलेला गोळा घसरून जातो. समोरून लांबून शर्मननं मारलं तर काही होणार नाही. मग काय करायचं?"

"बाजूनं मारायचं."

"बाजू तो दाखवेल तेव्हा ना! तोवर गप बसायचं. इंजिन बंद, तोंड बंद. आत पाच माणसं, गरमी काय असते ती आत बसल्याशिवाय कळत नाही. तो चार-पाचशे मीटरवर येईपर्यंत फायर करायचं नाही. सीओचं खरं काम तेच. गोळा कुणीही झाडतो, माणसांना थांबवून धरणं अवघड."

मला वाटतं, अख्ख्या प्रवासात मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य हे होतं. युद्धाच्या वर्णनांत गोळे झाडल्याचं लिहितात, थांबल्याचं कोण लिहितो?

पुढं विजयंता उभी होती. चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात बनलेली, मामांनी स्वतः चालवलेली जात. तिच्यापाशी ते बराच वेळ रेंगाळले, लिव्हर कुठं, क्लच कसा, पावसात ट्रॅक कसा निसटतो, सगळं सांगितलं. शेजारून जाणारं एक कुटुंब थांबून ऐकायला लागलं तेव्हा त्यांचा आवाज आणखी चढला.

दुसऱ्या महावीरचक्राची गोष्टही नगरला येऊन भिडते. १९७१ मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते, १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख. शकरगडच्या आघाडीवर सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून रणगाडे पार करत बसंतर नदीपर्यंत नेले. याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स ही रेजिमेंट होती आणि तिच्यात एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, जन्मानं पुण्याचाच. १६ डिसेंबरला तो पडला, परमवीरचक्र मिळालं. त्याचा 'फामागुस्ता' हा रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्येच जपून ठेवला आहे. मामा एरवी बडबडे, पण खेतरपालबद्दल बोलताना एकदम सेवेतल्यासारखे ताठ होतात.

१२ आणि १३ ऑगस्ट, मनमाड आणि सचखंड

नगरहून मनमाड, तिथं गुपतसर गुरुद्वाऱ्यात जेवण, आणि संध्याकाळी नांदेडहून येणारी सचखंड एक्सप्रेस. पंजाबात जायला दुसऱ्याही गाड्या आहेत, पण हीच निवडली. नांदेडचं हुजूर साहिब आणि अमृतसरचं हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, यांना जोडणारी गाडी. डब्यात निम्मे मराठवाड्यातले, निम्मे पंजाबी. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात, जाणकार प्रवासी घरून डबे आणि पातेली घेऊनच निघतात. आमच्याकडं एकच स्टीलचा डबा होता, समोरच्या बीबीजींनी न विचारता आम्हाला थाळी दिली आणि परत घेताना धुऊन दिली नाही म्हणून मामांना रागावल्या.

एरवी सांगण्यासारखं काही नाही. पाऊस, भोपाळ, उशीर, दिल्ली, आणखी उशीर. अमृतसर आलं तेव्हा रात्र बरीच झाली होती.

१४ ऑगस्ट, असल उत्तर

अमृतसरला आलेला प्रवासी संध्याकाळी अटारीला जातो, झेंडा उतरवताना घोषणा देतो आणि परत येतो. असल उत्तरला जायचंय म्हटल्यावर हॉटेलवाल्यानं दोनदा विचारलं. शेवटी एक टॅक्सीवाला तयार झाला, पस्तिशीचा सरदारजी, भिखीविंडकडचाच. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. स्वातंत्र्यदिन तोंडावर असल्यानं नाक्यानाक्यावर तपासणी. दर नाक्यावर मामा आपलं माजी सैनिकाचं कार्ड काढायचे, आणि दर नाक्यावर ते न बघताच आम्हाला सोडून द्यायचे.

भिखीविंड. १९६५ च्या लढाईनंतर पकडलेले आणि मोडलेले पॅटन इथं आणून ओळीनं उभे केले होते. 'पॅटन नगर' म्हणायचे त्या जागेला. भारतीय आकड्यानुसार पाकिस्तानचे सुमारे ९७ रणगाडे या लढाईत निकामी झाले किंवा हाती लागले.

काय झालं होतं ते थोडक्यात. ६ सप्टेंबरला आपली चौथी माउंटन डिव्हिजन सीमेजवळच्या खेमकरणवरून पुढं पाकिस्तानातल्या इछोगिल कालव्याच्या दिशेनं गेली, मार खाऊन मागं आली. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन होती, आणि तिचा बेत मोठा होता: खेमकरण फोडायचं, वर बियासच्या पुलापर्यंत मुसंडी मारायची, अमृतसर तोडून टाकायचं. आपल्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी मागं सरून असल उत्तरच्या आसपास घोड्याच्या नालेच्या आकारात फळी लावली. मदतीला ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड, तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे आणि वैद्यांच्या डेक्कन हॉर्सचे शर्मन. रणगाडे उसात दडवले, कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं. पॅटन आले, काही चिखलात रुतले, काहींनी वळसा घालताना बाजू दाखवली. १० सप्टेंबरपर्यंत खेळ संपला. माऱ्यातून एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडं फिरत वैद्यांनी आपल्या रेजिमेंटची फळी धरून ठेवली, त्याबद्दल पहिलं महावीरचक्र.

एक गोष्ट आपल्याकडं सांगायची राहून जाते. खुद्द खेमकरण गाव युद्धबंदीच्या वेळी पाकिस्तानच्याच ताब्यात होतं, ताश्कंद करारानंतर परत मिळालं. आमच्या टॅक्सीवाल्याचे आजोबा त्या सप्टेंबरात म्हशी हाकत तिथून निघाले होते. परत आले तेव्हा घराला दारं नव्हती, चौकटीसुद्धा उपटून नेलेल्या. हे त्यानं गिअर बदलता बदलता सांगितलं.

रस्त्याला लागूनच अब्दुल हमीद यांचं स्मारक आहे. चौथ्या ग्रेनेडिअर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं एकामागून एक पॅटन उडवले आणि त्यातच पडले. परमवीरचक्र. या मैदानातलं मोठं नाव त्यांचं, आणि ते तसंच असायला हवं. उघड्या जीपवरून रणगाड्याला भिडणं काय असतं, ते नगरला पॅटनच्या पोटाशी उभं राहून आल्यामुळं मला जरा तरी कळत होतं. मामांनी बूट काढून कडक सॅल्यूट ठोकला. त्यांच्या पायात मोजे वेगवेगळ्या रंगांचे होते.

मग आम्ही शेताकडं वळलो. आता इथं ऊस कमी, भात जास्त. ऑगस्टात भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, सगळीकडं हिरवं आणि मध्ये मध्ये आभाळ. बांधावर उभं राहून मामांनी छत्री उलटी धरली आणि टोक चिखलात दाबलं. सहज गेली, पार कापडापर्यंत. जोर लावून बाहेर काढली तर खाली दोन काड्या वाकलेल्या.

"पंचेचाळीस टनाची गाडी," मामा म्हणाले. "ड्रायव्हरला पहिल्यांदा कळतं. गाडी जड वाटायला लागते, वळत नाही. तो कमांडरला सांगतो, साहब, बैठ रही है. कमांडर म्हणतो, चलाओ. मग ती बसतेच."

शत्रूच्या ड्रायव्हरबद्दल ते इतक्या आपुलकीनं बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

परतताना टॅक्सीवाल्यानं विचारलं, इतक्या लांबून कुणासाठी आलात? हमीदसाहेबांचे कुणी? मी म्हणालो, जनरल वैद्य, ६५ मध्ये इथंच होते, कर्नल होते तेव्हा. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं.

"कौन से वैद्य? वो चौरासीवाले?"

"वही," मामा म्हणाले.

गाडीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, त्याला हे माहीत नव्हतं. शाळेत हमीद शिकवला, वैद्य घरी ऐकले. घरी काय ऐकलं हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. झबालजवळ त्यानं चहासाठी गाडी थांबवली, पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

१५ ऑगस्ट, अमृतसर

पहाटे हरमंदिर साहिब. गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. परिक्रमेचा संगमरवर पावसानं ओला, पायांना गार लागत होता.

१९६५ मध्ये असल उत्तरची फळी मोडली असती तर पाकिस्तानी रणगाड्यांचा रोख याच शहरावर होता. ते रणगाडे इथवर आले नाहीत. जून १९८४ मध्ये रणगाडे आले ते आपले, विजयंता, थेट या परिक्रमेत, आणि त्यांच्या तोफा अकाल तख्तावर, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावर, डागल्या गेल्या. मैदानावर सूत्रं मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्याकडं, वर लेफ्टनंट जनरल सुंदरजी, आणि सगळ्यांच्या वर लष्करप्रमुख वैद्य. आत शस्त्रं घेऊन मोर्चेबंदी केलेले लोक होते, जवानही मोठ्या संख्येनं मेले, आणि गुरुपर्वासाठी आलेले साधे भाविकही. निर्णय सरकारचा होता, हे खरं. पण प्रमुखाचा शिक्का त्यावर होता आणि वैद्यांनी तो कधी नाकारल्याचं मला माहीत नाही. त्यांना चाहणारे आपण लोक ६५ आणि ७१ सांगतो, ८४ वर येऊन खाकरतो. इथले लोक ८४ सांगतात आणि ६५ त्यांच्या कानांवरच गेलेलं नसतं. मारेकऱ्यांना हुतात्मा मानणारेही याच शहरात आहेत. हत्येच्या पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, वैद्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, त्याचंही इथं कुणाला काही नाही.

आता उभं आहे ते अकाल तख्त नव्यानं बांधलेलं. सरकारनं दुरुस्त करून दिलेली इमारत शिखांनी उतरवली आणि कारसेवेतून पुन्हा उभी केली. मामा त्याच्यासमोर थांबले, मग खाली संगमरवराकडं बघितलं.

"चाळीस टन," ते म्हणाले. "वळवली असेल तर फरशी राहिली नसणार." मग लगेच, मी काही विचारलं नसताना, "आमची रेजिमेंट तेव्हा राजस्थानात होती."

"मामा, तुम्हाला आत न्यायला सांगितलं असतं तर?"

"नेली असती," ते म्हणाले. "आणि नंतर इथं आलो असतो." डोक्यावरचा भगवा रुमाल त्यांनी पुन्हा बांधला, गाठ नीट बसत नव्हती. एका निहंग म्हाताऱ्यानं हसत ती बांधून दिली.

पुढचे दोन तास ते लंगरच्या मागच्या बाजूला बसून लसूण सोलत होते. मला थाळ्या धुण्याच्या रांगेत उभं केलं. लष्करी माणसाला मोठं स्वयंपाकघर कसं चालतं याचं अप्रूप असतं. बाहेर आले ते आकडे घेऊनच: भाकऱ्यांचं यंत्र, डाळीच्या कढया, पाळ्या किती तासांच्या. युनिटच्या लंगरापेक्षा इथली शिस्त बरी, हा त्यांचा निकाल. लष्करातही स्वयंपाकघराला लंगरच म्हणतात, त्यामुळं तुलना अगदी बरोबरीची होती.

स्टेशनकडं जाताना रिक्षावाल्यानं अटारी रस्त्यावरच्या युद्धस्मारकाबद्दल सांगितलं, ४५ मीटर उंच तलवारीच्या. वेळ नव्हता. त्या बाजूला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांवर झेंडे लागलेले, पोरं खिडक्यांतून अर्धी बाहेर.

मामांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बसंतरचं रणांगण सीमेपलीकडं, तिथं जाता येणार नाही. पण नदी येते सांब्याकडून, आणि सांबा आपल्याकडं आहे. जम्मूच्या अलीकडं उतरायचं, पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट जाते. डिसेंबरात जाऊ, १६ तारीख धरून, असं ते म्हणाले. मी म्हटलं, थंडी फार असेल. त्यावर त्यांनी मला जी नजर दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही. तिकिटं त्यांनी गाडी अमृतसरच्या बाहेर पडायच्या आधीच बघायला घेतली, माझ्याच मोबाइलवर.